सरकारी दप्तरातली तुमच्याच नावाची नस्ती (फाइल) : ती मागायची कशी, आणि अडवली तर काय करायचे

तहसील कार्यालय, भविष्य निर्वाह निधीचे कार्यालय, पोलीस ठाणे, विद्यापीठाचा परीक्षा विभाग, सरकारी रुग्णालय, पासपोर्ट कार्यालय. यांतल्या बहुतेक ठिकाणी तुमच्या नावाचा काही ना काही कागद असतो. त्यावर कुणीतरी शेरा मारलेला असतो, चौकशी अहवाल जोडलेला असतो, एखादी रक्कम चुकीच्या खात्याला दाखवलेली असते. अनुदान बंद होते, पडताळणी अडते, निवृत्तिवेतन उशिरा सुरू होते. त्यामागचे कारण त्या कागदात असते आणि तो कागद तुम्ही कधी पाहिलेलाच नसतो.

माहिती अधिकार कायद्याने तो पाहण्याचा हक्क तुम्हाला आहे. पण खूप अर्ज एकाच कारणाने वाया जातात : अर्जदार कागद मागण्याऐवजी उत्तर मागतो. त्याबद्दल खाली सविस्तर सांगितले आहे, कारण बाकीच्या चुका नंतर दुरुस्त करता येतात. ही एक मात्र सगळा अर्जच निकामी करते.

आधी सरळ वाट आहे का ते बघा

माहिती अधिकाराचा अर्ज दर वेळी करावा लागत नाही. काही खात्यांनी तुमची माहिती तुम्हाला थेट दिसण्याची सोय केलेली आहे. ती वाट चार-पाच मिनिटांची असते, अर्जाची वाट महिन्याची.

आधार कुठे कुठे वापरले गेले हे आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आणि ॲपमध्ये ‘ऑथेंटिकेशन हिस्ट्री’ या नावाखाली दिसते. ही नोंद मागच्या सहा महिन्यांपुरतीच मिळते, कारण सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या आधार निकालात पडताळणीच्या नोंदी सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायला मनाई केली. एखादा संशयास्पद वापर वाटत असेल तर थांबू नका. मुदत गेली की नोंदही गेली. आयकर खात्याकडे तुमच्याबद्दल बँका, म्युच्युअल फंड, निबंधक कार्यालये यांनी काय कळवले आहे, ते वार्षिक माहिती विवरणात म्हणजे एआयएसमध्ये दिसते. एखादी नोंद तुमची नसेल तर तिथेच हरकत नोंदवता येते. भविष्य निर्वाह निधीचे पासबुक ईपीएफओच्या संकेतस्थळावर किंवा उमंग ॲपवर मिळते. सातबारा आणि फेरफार ऑनलाइन आहेत.

पोलिसांकडे तुम्ही दिलेल्या खबरीवरून गुन्हा दाखल झाला असेल, तर एफआयआरची प्रत तुम्हाला विनामूल्य मिळायलाच हवी. त्यासाठी माहिती अधिकार लागत नाही. रुग्णालयातल्या केसपेपरबद्दल फार लोकांना माहीत नाही : भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यावर डॉक्टरने ७२ तासांत वैद्यकीय कागदपत्रे द्यायची असतात. आंतररुग्णांची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवण्याचे बंधनही त्याच नियमांत आहे. म्हणून रुग्णालयाकडे प्रथम साधा लेखी अर्ज द्या, त्यावर नियमाचा उल्लेख करा आणि पोच घ्या.

या वाटांनी शेवटचा निकाल कळतो. खाते गोठले, नाव वगळले, पडताळणी प्रतिकूल, एवढेच. तो निकाल कुणी, कोणत्या अहवालावरून, कोणत्या तारखेला घेतला हे नस्तीत असते. नस्ती पाहायची तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५.

नवा डेटा कायदा आला, मग माहिती अधिकार कशाला?

हा प्रश्न आता वारंवार येतो, आणि त्यातला गोंधळ खरा आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्याच्या कलम ११ मध्ये ‘माझ्याबद्दल तुमच्याकडे काय डेटा आहे आणि तो कुणाकुणाला दिला’ असे विचारण्याचा हक्क आहे. मात्र हे कलम लगेच लागू झालेले नाही. नियम आल्यापासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये ते अमलात यायचे आहे.

दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. हा हक्क तुम्ही ज्याला संमती दिली किंवा स्वतःहून माहिती दिली, त्याच्याविरुद्ध चालतो. सरकार अनुदान, दाखला, परवाना, शिष्यवृत्ती देताना जो डेटा वापरते, त्यासाठी कायद्यात संमतीशिवायची वेगळी तरतूद आहे आणि ती कलम ११ च्या कक्षेत स्पष्टपणे घेतलेली नाही. शिवाय हा कायदा डिजिटल डेटाचा. तलाठ्याने हाताने लिहिलेला चौकशी अहवाल त्यात बसत नाही. म्हणून सरकारी दप्तरासाठी खात्रीची वाट आजही माहिती अधिकाराचीच आहे, आणि २०२७ नंतरही बऱ्याच अंशी तीच राहील.

या नव्या कायद्याने एक गोष्ट मात्र लगेच बदलली. त्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ञ) बदलले, आणि तो बदल १४ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण आक्रमण होते, हे दाखवावे लागत असे. आता फक्त ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित’ एवढेच शब्द उरले आहेत. इतरांची माहिती मागणाऱ्यांसाठी हे दार बरेच बंद झाले, आणि ही गोष्ट चिंतेची आहे. कलम ८(२) मधली जनहिताची तरतूद शाबूत आहे, पण तिच्यासाठी भांडावे लागते.

स्वतःची माहिती मागणाऱ्याला या बदलाने रोखता येत नाही. तरीही काही कार्यालये हेच कलम पुढे करून अर्जदाराला त्याचीच माहिती नाकारतात. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले कायद्यातच आहे : कलम २(ढ) नुसार त्रयस्थ पक्ष म्हणजे माहिती मागणाऱ्या नागरिकाखेरीज दुसरी व्यक्ती. तुम्ही स्वतःसाठी त्रयस्थ होऊ शकत नाही, त्यामुळे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ११ खाली नोटीस काढून ‘संबंधिताची हरकत’ मागवण्याचा प्रश्नच येत नाही. दुसरे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०११ च्या सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या निकालातले. विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा व तिची प्रत घेण्याचा हक्क आहे, असे तिथे ठरले. परीक्षा मंडळ उत्तरपत्रिका विश्वासाने सांभाळते असे मानले, तरी ज्याच्यासाठी सांभाळते त्याच्यापासूनच ती लपवता येत नाही, हा त्यामागचा विचार. अपिलात हा निकाल जरूर लिहा.

ती तुमचीच माहिती आहे, हे अर्जातच दाखवा

कलम ६(२) सांगते की अर्जदाराला कारण विचारायचे नाही आणि संपर्कापुरत्या तपशिलाखेरीज काही मागायचे नाही. हे वाचून काही जण ओळखपत्र जोडायला ठाम नकार देतात. रस्ता कुठे झाला, निविदा कुणाला गेली, अशी सार्वजनिक माहिती मागताना तो नकार योग्यच आहे. स्वतःची वैयक्तिक माहिती मागताना मात्र नाही. तुमच्या नावाने घटस्फोटाच्या दाव्यातला जोडीदार, भाऊबंदकीतला नातेवाईक किंवा व्यवसायातला प्रतिस्पर्धी अर्ज करू शकतो. अधिकाऱ्याने खात्री न करता तुमची नस्ती त्याच्या हाती दिली, तर नुकसान तुमचेच.

म्हणून ओळखपत्राची स्वसाक्षांकित प्रत जोडा. आधार द्यायचे असेल तर शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार द्या, आणि प्रतीवर ‘फक्त अमुक तारखेच्या माहिती अधिकार अर्जासाठी’ असे लिहून सही करा. त्या कार्यालयाने तुम्हाला दिलेला क्रमांक, म्हणजे लाभार्थी क्रमांक, शिधापत्रिका क्रमांक, यूएएन, आसन क्रमांक, पासपोर्टचा फाइल क्रमांक यांपैकी जो लागू असेल तो, अर्जात ठळकपणे लिहा. दप्तर शोधणारा लिपिक नावाने शोधत नाही, क्रमांकाने शोधतो.

नावातला फरक ही नेहमीची अडचण. लग्नानंतर नाव बदलले, दप्तरात माहेरचे नाव आहे. मुलाच्या दाखल्यात ‘दत्तात्रय’, आधारवर ‘दत्तात्रेय’. अशा वेळी विवाह प्रमाणपत्र किंवा नाव बदलाच्या राजपत्राची प्रत सुरुवातीलाच जोडा आणि अर्जात दोन्ही नावे लिहा. पत्ता बदलला असेल तर जुनाही लिहा.

पती-पत्नी कायद्याच्या दृष्टीने एकमेकांसाठी त्रयस्थच असतात. पत्नीच्या पगाराची किंवा पतीच्या सेवापुस्तकाची माहिती ‘घरचीच’ म्हणून मिळत नाही. वृद्ध आईवडिलांसाठी अर्ज करायचा तर तो त्यांच्याच नावाने आणि त्यांच्याच सहीने करा. कागद घ्यायला तुम्ही जाणार असाल तर अधिकारपत्र द्या. मृत व्यक्तीच्या निवृत्तिवेतनाची, निधीची माहिती मागताना मृत्यू दाखला आणि वारस असल्याचा पुरावा सोबत हवा.

कागद मागा, उत्तर नव्हे

कायद्याच्या कलम २(च) मधली ‘माहिती’ म्हणजे कार्यालयाकडे कोणत्याही स्वरूपात असलेले साहित्य : अभिलेख, टिपण्या, ई-मेल, अभिप्राय, आदेश, नोंदवह्या, संगणकातला डेटा. अधिकाऱ्याने नवीन विचार करून तुमच्यासाठी खुलासा लिहावा, सल्ला द्यावा किंवा नसलेला तक्ता तयार करावा, हे त्याच्यावर बंधनकारक नाही. बंदोपाध्याय निकालात हेही स्पष्ट केलेले आहे, आणि नकाराच्या पत्रात अधिकारी तोच परिच्छेद उद्धृत करतात.

समजा, संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान अचानक बंद झाले. अर्जदार लिहितो : ‘माझे अनुदान का बंद केले? जबाबदार कोण? ते परत कधी सुरू होणार?’ महिन्याने उत्तर येते : ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती असल्याने देता येत नाही.’ उत्तर मनाला लागते, पण बहुतांशी कायद्याला धरून असते.

त्याच प्रकरणाचा नीट लिहिलेला अर्ज असा असतो :

‘विषय : संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील माझ्या स्वतःच्या प्रकरणाचे अभिलेख. कालावधी : १ एप्रिल २०२४ ते या अर्जाचा दिनांक. मी या योजनेची लाभार्थी असून माझा लाभार्थी क्रमांक … आहे. ओळखपत्राची स्वसाक्षांकित प्रत जोडली आहे. माझ्या प्रकरणातील पुढील अभिलेखांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात : माझ्याबाबत झालेला चौकशी अहवाल, नस्तीतील टिपणी भागाची सर्व पाने, ज्या बैठकीत निर्णय झाला तिच्या इतिवृत्तातील माझ्यासंबंधीचा भाग, अनुदान बंद करण्याचा आदेश, बँकेला किंवा कोषागाराला माझ्याबाबत पाठवलेली पत्रे, जावक क्रमांकासह. तसेच कलम ४(१)(घ) नुसार, बाधित व्यक्ती म्हणून, या निर्णयाची अभिलेखावरील कारणे मिळावीत.’

शेवटचे वाक्य मुद्दाम घातलेले आहे. कलम ४(१)(घ) नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या प्रशासकीय निर्णयांची कारणे त्या निर्णयाने बाधित झालेल्या व्यक्तींना द्यायची असतात. ‘का’ विचारण्याची कायदेशीर जागा ही आहे. स्वतःच्या प्रकरणात ती वापरता येते, आणि फार थोडे लोक वापरतात.

‘टिपणी भाग’ हे शब्दही विसरू नका. सरकारी नस्तीत दोन भाग असतात : एका बाजूला आलेली-गेलेली पत्रे, दुसऱ्या बाजूला टिपण्या. लिपिकाने काय प्रस्ताव मांडला, वरिष्ठाने काय शेरा मारला, कुणाच्या सहीने तो फिरला, हे टिपण्यांत असते. नुसते ‘पत्रव्यवहाराच्या प्रती’ मागितले तर टिपण्या येत नाहीत.

कालावधी नेमका लिहा. ‘सुरुवातीपासून आजपर्यंतची सर्व माहिती’ असे लिहिले की कलम ७(९) पुढे येते : माहिती गोळा करण्यात कार्यालयाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर गुंतेल. खरे तर त्या कलमाने माहिती नाकारता येत नाही, ती कोणत्या स्वरूपात द्यायची एवढेच बदलता येते, पण वाद घालण्यात महिने जातात. नस्ती जाड असेल तर प्रतींऐवजी आधी अवलोकन मागा. प्रत्यक्ष बसून पाने चाळा, हवी ती पाने क्रमांकानिशी लिहून द्या आणि तेवढ्याच प्रती घ्या. टिपण पेन्सिलीने काढा. जाताना नस्तीची एकूण पाने किती आणि पृष्ठांकन झाले आहे का, ते बघा. पृष्ठांकन नसेल तर तसे लेखी कळवा, म्हणजे उद्या एखादे पान गायब होणार नाही.

अर्ज कुणाकडे, किती पैसे, कोणत्या नमुन्यात

महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांसाठी जोडपत्र ‘अ’ चा नमुना आहे. त्यात माहितीचा विषय, कालावधी, वर्णन, माहिती टपालाने हवी की समक्ष, आणि अर्जदार दारिद्र्यरेषेखालचा आहे का, असे रकाने असतात. शुल्क १० रुपये, बहुतेक जण कोर्ट फी स्टॅम्प लावतात. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. निराधार अनुदान आणि शिधापत्रिका एकाच अर्जात घातली तर एकाच विषयावर उत्तर येईल, तेव्हा दोन स्वतंत्र अर्ज करा.

केंद्राच्या कार्यालयांना, म्हणजे पासपोर्ट, ईपीएफओ, आयकर, रेल्वे, टपाल, राष्ट्रीयीकृत बँका यांना, कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही. त्यांना १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते, ती त्या प्राधिकरणाच्या लेखा अधिकाऱ्याच्या नावे. महाराष्ट्रातून जाणारे कितीतरी अर्ज केवळ या स्टॅम्पमुळे परत येतात. ऑनलाइन अर्ज केला तर हा घोळच होत नाही. केंद्राचे आणि राज्याचे आरटीआय ऑनलाइन पोर्टल वेगवेगळे आहे, योग्य ते निवडा. केंद्राच्या नियमांत शब्दमर्यादा साधारण ५०० आहे. प्रतींचे शुल्क दोन्हीकडे साध्या पानाला २ रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही, पण त्याचा पुरावा जोडावा लागतो.

अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो, तेव्हा मराठीत बेधडक करा. अर्ज व्यक्ती म्हणून करा, संस्थेच्या लेटरहेडवर नको. हक्क नागरिकाला आहे.

कार्यालय निवडताना ‘निर्णय कुणी घेतला’ यापेक्षा ‘कागद आज कुठे आहे’ हे बघा. पासपोर्टचा प्रतिकूल पोलीस अहवाल पासपोर्ट कार्यालयाकडेही असतो आणि पोलीस आयुक्त किंवा अधीक्षक कार्यालयाकडेही, पण ज्या चौकशीवरून तो बनला ते कागद पोलिसांकडेच. दहावी-बारावीचे दप्तर शाळेत कमी, विभागीय मंडळात जास्त. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर कलम ६(३) नुसार त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. ‘आमच्याशी संबंधित नाही’ असे लिहून अर्ज परत करणे बेकायदा आहे.

समक्ष दिलात तर दुय्यम प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. लिपिक ‘साहेब आल्यावर देतो’ म्हणाला तर तिथून निघून थेट पोस्टात जा आणि पोचपावतीसह पाठवा. पोच नसेल तर पुढे अपिलात तारीख सिद्ध करता येत नाही.

मुदतीचा हिशेब

अर्ज पोचल्यापासून ३० दिवस. सहायक जन माहिती अधिकाऱ्याकडे (अर्ज स्वीकारून पुढे पाठवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) दिला असेल तर आणखी पाच. व्यक्तीच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. ही तरतूद कुणी ताब्यात आहे किंवा प्राणाशी गाठ आहे अशा प्रसंगांसाठी आहे. पगार किंवा परीक्षेसाठी ती वापरली की अर्जाचे वजन कमी होते.

मध्येच एक पत्र येते : ‘माहिती ४६ पानांची आहे, ९२ रुपये भरा.’ हे पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० मध्ये धरले जात नाहीत. अनेक जण हे पत्र बाजूला ठेवतात, घड्याळ थांबलेलेच राहते आणि मग प्रकरण निकाली काढले जाते. पत्रात हिशेब दिलेला असला पाहिजे. रक्कम जास्त वाटली तर फेरविचार मागण्याचा हक्क आहे. आणि ३० दिवस उलटल्यावर पैसे मागितले तर कलम ७(६) नुसार माहिती विनामूल्य मिळायला हवी. लिफाफा फेकू नका. त्यावरची पोस्टाची तारीख हाच तुमचा पुरावा.

नकाराची पत्रे कशी वाचायची

नकार देताना कोणते कलम, ते इथे का लागू होते, अपील किती दिवसांत व कुणाकडे, हे सगळे लिहायचे असते. नुसता कलमाचा आकडा टाकलेले पत्र अपुरे आहे, आणि माहिती नाकारणे योग्य होते हे सिद्ध करण्याचा भार अधिकाऱ्यावर आहे.

पोलिसांकडून आणि विभागीय चौकशीत कलम ८(१)(ज) येते : तपासात अडथळा. तपास चालू आहे एवढे कारण पुरत नाही, माहिती दिल्याने तपासाला नेमका अडथळा कसा येईल ते सांगावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगत सिंग प्रकरणात म्हटले आहे. आयबी, रॉ, ईडी यांसारख्या संस्था कलम २४ खाली वगळलेल्या आहेत. तिथून फक्त भ्रष्टाचाराच्या आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांशी संबंधित माहिती मागता येते.

परीक्षांबाबत एक सावधगिरी. मंडळे आणि विद्यापीठांच्या उत्तरपत्रिकांसाठी २०११ चा निकाल कामाला येतो, पण यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वेगळी भूमिका घेतली. तिथे उत्तरपत्रिका आपोआप मिळत नाहीत. आणि कोणतीही उत्तरपत्रिका जपण्याच्या मुदतीतच मिळते. निकाल लागला की त्याच आठवड्यात अर्ज करा.

काही ओळी काळ्या करून प्रत आली तर लगेच चिडू नका. तुमच्या नस्तीत इतरांची नावे, तक्रारदाराची ओळख, परीक्षकाचे नाव असू शकते. कलम १० नुसार तेवढा भाग झाकून उरलेला द्यायचा असतो. आक्षेप तेव्हा घ्या, जेव्हा दोन नावांसाठी अख्खा अहवाल नाकारला जातो. त्या वेळी अपिलात ‘कलम १० नुसार विभाजन करून द्यावे’ एवढी एक ओळ पुष्कळदा काम करते.

सर्वात त्रासदायक उत्तर म्हणजे ‘सदर अभिलेख आढळून येत नाही’. कायद्यात माहिती नाकारण्याचे असे कारणच नाही. कागद मुदत संपल्यावर रीतसर नष्ट झाला असेल तर त्याची नोंद असते, म्हणून दुसरा अर्ज करून ती नोंद आणि नष्ट करण्याचा आदेश मागा. वर्गवारीही विचारा : ‘अ’ वर्गाचे अभिलेख कायम ठेवायचे असतात, ‘ब’ वर्गाचे ३० वर्षे. मुदत संपायच्या आत कागद गहाळ असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ लागू होतो आणि त्यात पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अपिलात शोध घेऊन अहवाल देण्याची, जबाबदारी निश्चित करण्याची आणि उपलब्ध कागदांवरून नस्ती पुन्हा उभारण्याची मागणी करा. पुष्कळदा एवढ्यावर नस्ती सापडते.

अपील

३० दिवसांत काहीच आले नाही तर तो नकारच समजला जातो. त्यानंतरच्या ३० दिवसांत प्रथम अपील करायचे. ‘अजून येईल’ म्हणून वाट पाहण्यात ही मुदत जाते. राज्यात जोडपत्र ‘ब’ आणि २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. केंद्रात शुल्क नाही. प्रथम अपिलीय प्राधिकारी त्याच कार्यालयातला वरिष्ठ असतो आणि त्याने ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. अपिलात नवी माहिती मागू नका. मूळ अर्जातल्या प्रत्येक बाबीपुढे ‘मिळाली’, ‘अपुरी’, ‘नाकारली’ असे लिहा. सुनावणीला शक्य असेल तर जा. समोर बसल्यावर बरेच कागद तिथल्या तिथे मिळतात.

त्यावरही समाधान नसेल तर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे द्वितीय अपील : राज्यात जोडपत्र ‘क’ आणि २० रुपये, आपल्या विभागाच्या खंडपीठाकडे, केंद्राच्या कार्यालयांसाठी केंद्रीय माहिती आयोगाकडे विनाशुल्क. इथे कलम १८ ची तक्रार आणि कलम १९ चे अपील यांत गल्लत होते. तक्रारीवरून अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो, पण माहिती देण्याचा आदेश त्यात मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मणिपूर राज्याच्या प्रकरणात ठरवले. तुम्हाला तुमचा कागद हवा आहे, तेव्हा कलम १९(३) चे अपीलच करा आणि त्यातच कलम २०(१) खालच्या दंडाची, म्हणजे दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये, आणि नुकसान झाले असेल तर कलम १९(८)(ख) खाली भरपाईची मागणी घाला. आयोगांकडे प्रलंबित प्रकरणे खूप आहेत आणि सुनावणीला वर्षाहून अधिक काळ लागू शकतो. म्हणून प्रथम अपीलच जीव ओतून लिहा. प्रकरणे बहुधा तिथेच सुटतात.

कागद हाती आल्यावर

माहिती अधिकाराने प्रत मिळते, चूक दुरुस्त होत नाही. दुरुस्तीसाठी प्रत्येक दप्तराचा स्वतंत्र मार्ग आहे आणि मिळालेली साक्षांकित प्रत हा तिथला पुरावा. सातबारातल्या लेखनचुकीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्ज, मतदार यादीसाठी नमुना ८, जन्मनोंदीसाठी जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या कलम १५ खाली निबंधकाकडे.

प्रत घेताना प्रत्येक पानावर ‘माहितीच्या अधिकारात साक्षांकित’ असा शिक्का, सही आणि तारीख आहे का ते खिडकीवरच तपासा. पानांची संख्या पत्रात लिहिलेल्या संख्येशी जुळवून बघा. कमी असेल तर पोच देताना ‘४६ पैकी ४३ पाने मिळाली, पृष्ठ क्रमांक १२ ते १४ नाहीत’ असे लिहूनच सही करा.